छपरातून घरात

लिंदुम, ब्रिटानिया
एप्रिलच्या मध्यावर, इदसच्या दिवशी

स्तेनियाताईस,

विबियसचा नमस्कार. तू बरी असशील तर मीही बरा आहे. नऊ वर्षांत एक ओळ नाही आणि आता एकदम एवढं मोठं पत्र. शिव्या द्यायच्या असतील तर इथेच देऊन घे, मग पुढे वाच. मी थांबतो.

तर, सैन्यातून सुटलो. पंचवीस वर्षं भरली, लिंदुमच्या टेकडीवर जमिनीचा तुकडा मिळाला, आता मी शेतकरी. मधे उत्तरेकडच्या डोंगरात पोटात भाला घुसला होता. दीड वर्ष अंथरुणात काढलं. नंतर लिहिणं राहून गेलं म्हणतो, पण तुझ्यापाशी खोटं कशाला, लाज वाटायला लागली होती. एक वर्ष लिहिलं नाही की दुसऱ्या वर्षी हात उचलत नाही. बाबा गेल्याचं तुझं पत्र आलं, त्यालाही मी उत्तर दिलं नाही. ते मला अजून टोचतं.

लग्न केलं. बायको इथलीच, एनिका नाव. मुलगी चार वर्षांची आहे. तिचं नाव काय ठेवणार, आपल्याकडे मुलीला बापाच्या घराण्याचंच नाव. तीही स्तेनिया. म्हणजे दिवसातून पन्नास वेळा मी तुझ्याच नावाने ओरडतो.

आता कामाचं. मी घर बांधतोय. आपल्या कापुआच्या घरासारखं, तसंच्या तसं. मधे चौक, चारी बाजूंची कौलं आतल्या बाजूला उतरती, वर मोकळं तोंड आणि खाली पावसाचं टाकं. एनिकाचं माहेर म्हणजे गोल झोपडी, शेणामातीची भिंत आणि डोक्यावर गवत. ती म्हणते, "छप्पर करायचं आणि मधोमध भोक पाडायचं, मग छप्पर केलंच कशाला?" तिला कसं सांगू. त्या भोकातून काय काय आत यायचं. ऊन यायचं ते भिंतीवर सरकत सरकत बाबांच्या खुर्चीपाशी गेलं की जेवायची वेळ व्हायची. पाकोळ्या यायच्या. आणि शेजारच्या घरात तर त्या तोंडातून खुद्द त्रेबियस तेलवाला आला होता. आठवतो का? जहाज बुडालं, गेला म्हणून बायकोने सगळं क्रियाकर्म उरकलं, आणि सात महिन्यांनी स्वारी दारात हजर. अख्खी आळी गोळा झाली. ज्याचं क्रियाकर्म झालं त्याला उंबऱ्यावरून आत घेत नाहीत, कौलांवर चढ आणि वरून उतर, नाहीतर घराला लागतं. आणि तो अर्ध्यात अडकला. तू अंजीर खात होतीस, हसता हसता तुला ठसका लागला आणि मी तुझ्या पाठीत बुक्के घालत होतो.

मला मापं पाठव. चौक किती लांब, किती रुंद, टाकं केवढं, किती खोल, देवांचा कोनाडा उंबऱ्यापासून किती पावलांवर. भिंतीवरच्या बागेत कुठल्या झाडाखाली कुठला पक्षी तेही लिही. माझ्या डोळ्यांत सगळं आहे, पण डोळ्यांत मापाची काठी नसते.

पत्र जुन्याच पत्त्यावर पाठवतोय. बैलतोंडी कारंज्याशेजारी, लाल दार.

तुझा विबियस

*

(मेणाच्या पाटीवर)
कापुआ, जुलैचा पहिला आठवडा

फिलेरोस यांस,

काल तुम्ही तीन जिने चढून ते पत्र आणून दिलंत आणि मी तुम्हाला पाणीही न विचारता दार लावून घेतलं. मनावर घेऊ नका. पत्र माझ्या भावाचं होतं. ज्याच्या नावाचा दगड मी आप्पियन रस्त्यावर उभा केला, ज्याचं क्रियाकर्म करून मग मी ते घर तुम्हाला विकलं, तो विबियस जिवंत आहे. त्याला यातलं काही ठाऊक नाही. मी त्याच घरात राहते असं त्याला वाटतं, आणि त्याला घराची मापं हवी आहेत.

उद्या येऊन मापं घेऊ का? आणि कुणाला बोलू नका. त्याला मी सांगेन, पण माझ्या वेळेने.

स्तेनिया

(त्याच पाटीच्या मागे)

स्तेनियाबाई,

वाचलं आणि काम थांबवून टाक्याच्या काठावर बसलो. सकाळी लवकर या, माझी माणसं कपडे तुडवायला उतरायच्या आधी. काठी माझ्याकडे आहे. वहाणा जुन्या घाला, परटाच्या टाक्यात लघवीपासून काय काय असतं ते तुम्हाला सांगायला नको.

एक बोलतो, लहान तोंडी मोठा घास. सांगायचं ते लवकर सांगा. डाग जुना झाला की तो माझ्याही हातून निघत नाही.

फिलेरोस

*

कापुआ
जुलैच्या इदसआधी दोन दिवस

गाढवा,

शिवी दे म्हणालास म्हणून एक दिली. बाकीच्या राखून ठेवल्या आहेत.

पत्र हातात आलं तेव्हा मी पायरीवर बसले ती अंधार पडेपर्यंत उठले नाही. अक्षर तुझंच, ते वाकडं. तू पोटात भाला खाल्लास आणि मला ते नऊ वर्षांनी कळतंय. बरा आहेस ना आता? जेवण पचतं का? एनिकाला म्हणावं, याला रात्री चीज देत जाऊ नकोस, लहानपणापासून सोसत नाही.

मापं घे. चौक चोवीस फूट लांब, अठरा रुंद. टाकं सात फूट बाय पाच, खोली एक फूट आणि चार बोटं. मी स्वतः उभी राहून मोजलं. टाक्याचा नैर्ऋत्येचा कोपरा फुटलेला आहे, तो तू बाबांचा हातोडा पाडलास तेव्हाचा, आणि आळ मात्र मांजरावर घातलास. देवांचा कोनाडा उंबऱ्यापासून अकरा पावलं, डाव्या हाताला. भिंतीवर डाळिंबाच्या झाडाखाली दोन कबुतरं आणि एक लावा. लाव्याला डोळा नाही. रंगारी डोळा काढायच्या आधी जेवायला गेला तो परत आलाच नाही, आणि बाबा आयुष्यभर म्हणत राहिले, येईल, अजून जेवत असेल.

चौकात हल्ली वर्दळ असते. टाकं कायम भरलेलं असतं. माझं म्हणशील तर बरं चाललंय. एकटीसाठी चूल पेटवत नाही, खालच्या दुकानातून गरम हरभरे आणि पाव आणते, दुपारी न्हाणीघरात जाऊन बायकांच्या गप्पा ऐकते. गुडघे तेवढे कुरकुरतात.

धाकट्या स्तेनियाला माझा पापा. तिला अंजीर मिळतात का तिकडे? वाळवलेली पाठवते आहे, सोबतच्या पिशवीत आहेत. वाटेत सैनिकांनी खाल्ली नाहीत तर पोचतील.

त्रेबियस मला आठवतो. पण हल्ली त्याची गोष्ट आठवून मला हसू येत नाही.

तुझी ताई

*

लिंदुम
ऑक्टोबरच्या इदसनंतर पाचवा दिवस

ताई,

घर पाहावं बांधून म्हणतात ते काही खोटं नाही. उभं राहिलं पण.

पहिल्याच दिवशी पाऊस आला. दुसऱ्या दिवशीही आला. मग तो गेलाच नाही. आपल्याकडे टाकं भरायला महिना लागायचा, इथे एका दुपारी भरून वाहायला लागलं आणि चौकातून स्वयंपाकघरात गेलं. बाहेर जाणारी पन्हळ मी बाबांच्या मापाने अरुंद ठेवली होती, ती तीनदा फोडून मोठी केली. आता टाक्यात चार बदकं राहायला आली आहेत. मी हाकलतो, एनिका त्यांना खायला घालते. ती म्हणते, "या घरात सुखी कोण असेल तर तीच." सगळी वसाहत भोक बघायला येऊन गेली. माझ्या जुन्या तुकडीतला एक पाजी तर रोज दारावरून जाताना विचारतो, "काय विबियस, आज घरात पाऊस किती झाला?"

पण मी बधलो नाही. टाक्याचा कोपरा हातोड्याने स्वतः फोडला. भिंत रंगवणारा निवृत्त धनुर्धारी आहे, त्याने लाव्याला डोळा काढून टाकला. मी खरवडून काढायला लावला. तो म्हणाला, पैसे देऊन डोळा फोडणारा तू पहिलाच.

एक सांगू? सगळं मापाबरहुकूम झालं, तरी दारातून आत पाऊल टाकताना मला पाहुण्यासारखं वाटतं. बूट काढून कुठे ठेवू असं होतं. पहिल्यांदा वाटलं नवं घर आहे, सवय होईल. पण हे नव्या घराचं नाही. सैन्यातल्या बराकीत, एनिकाच्या माहेरी, गेली कित्येक वर्षं मला कुठेच आत आल्यासारखं वाटत नाही. खरं घर एकदा बघायला हवं, तेव्हाच हे जाईल.

म्हणून ठरवलंय, वसंतात येतो. मे महिन्यात निघेन. माझी खोली झाडून ठेव. लाल दारातून आत येईन, उजवं पाऊल आधी, आणि टाक्याच्या त्या फुटक्या कोपऱ्यावर बसून तुझ्या हातचं खाईन. अंजीर पोचली. धाकटीने एकटीने संपवली.

तुझा विबियस

*

कापुआ
फेब्रुवारी, पितरांचे दिवस

विबियस,

यायचं म्हणतोस, पण जरा विचार कर. पन्नाशीकडे चाललास, पोटात जुनी जखम, वाटेत दोन महिने खेचरावर. गेल्या वर्षी गॉलमध्ये तापाची साथ होती असं खाली तांबटांकडे येणारे व्यापारी सांगतात. बायको आणि एवढीशी पोर यांना मागे टाकून कुठे निघालास? तिकडे शेत कोण बघेल? आणि इथे येऊन बघायचं तरी काय राहिलंय. भिंती त्याच आहेत.

माझी तब्येत ठीक आहे. काल पितरांना वाहायला रस्त्यावर गेले होते. व्हायोलेटची फुलं, मीठ, वाइनमध्ये भिजवलेला पाव. आईला वाहिलं, बाबांना वाहिलं, बाकीच्यांना वाहिलं. वारा फार होता.

आणखी एखाद वर्ष थांब. मी सांगेन तेव्हा ये. माझं एवढं ऐक.

ताई

*

लिंदुम
मे, इदसआधी तिसरा दिवस

ताई,

निघायची सगळी तयारी झाली होती. तुझं पत्र वाचून बोचकं परत सोडलं. बहीण भावाला येऊ नको म्हणते असं मी आजवर ऐकलं नव्हतं.

काल पाकियस परत आला. माझ्याच तुकडीतला, कापुआचाच. आईला भेटायला गेला होता. माझ्यासमोर बसला, बीअर घेतली आणि माझ्याकडे टक लावून बघत राहिला. मी म्हटलं काय झालं. तर म्हणतो, "तुला हात लावून बघू का?"

आप्पियन रस्त्यावर, गावाबाहेरच्या तिसऱ्या वळणावर, त्याने दगड वाचला म्हणे. मला पाठ म्हणून दाखवला. विबियस स्तेनियस, पायदळाचा सैनिक, वय छत्तीस, ब्रिटानियात पडला. बहिणीने हा दगड उभा केला. माती तुला हलकी होवो. त्याच्यापुढे ताजी फुलं होती.

मग तो आपल्या घरी गेला. लाल दारातून एक ग्रीक माणूस ओल्या कपड्यांची पाटी घेऊन बाहेर आला, आणि म्हणाला, हे परटाचं दुकान आहे, स्तेनियाबाई इथे राहत नाहीत.

तेव्हा मला तुझी पत्रं आठवली. खालच्या दुकानातून हरभरे आणते म्हणालीस. आपल्या घराला खाली कुठे होतं? वर्दळ, भरलेलं टाकं. मी वाचलं आणि मूर्खासारखा खूश झालो.

ताई, मी मेलो आहे का? एकदा काय ते लिही.

विबियस

*

कापुआ
जुलै, इदसनंतर दुसरा दिवस

बाळा,

हो. तू गेला होतास.

तुझी पत्रं थांबली तेव्हा मी दोन वर्षं काही मानलं नाही. मग तुमच्यातला एक लंगडा सैनिक गावात आला. म्हणाला, विबियसच्या पोटात भाला आरपार गेलेला मी पाहिला, वैद्याने मान हलवली, आम्ही पुढे निघालो. तरी मी आणखी दोन वर्षं थांबले. रोज संध्याकाळी लाल दार उघडं ठेवायचे. शेवटी शेजारणी म्हणाल्या, अगं, त्याचा जीव असा अधांतरी किती दिवस ठेवणार, त्याला वाटेला लाव.

देह नव्हता, राख नव्हती. खड्ड्यात तुझी लाकडी तलवार ठेवली, ती मुठीला सुतळी गुंडाळलेली. मग रीतीप्रमाणे नावाने हाका मारल्या. तीनदा मारतात. मी मारल्या. रस्त्यावरून खेचरांची गाडी चालली होती, गाडीवान थांबून म्हणाला, कुणाला बोलावताय बाई? तीनदा हाक मारून ओ आली नाही, मग दगड लावला.

घर मी पैशासाठी विकलं नाही. शांततेला भ्याले. बाबा गेले, माझा नवरा त्याआधीच गेला होता, आणि तूही. त्या टाक्यात आभाळ दिसायचं आणि बघायला मी एकटी. आता तांबटांच्या दुकानावर तिसऱ्या मजल्यावर एक खोली घेतली आहे. दिवसभर खाली ठाकठोक चालते, शेजारची बाई नवऱ्याशी भांडते, जिन्यावर कोणीतरी काहीतरी सांडलेलं असतं. मला झोप लागते.

आणि मग तुझं पत्र आलं, पहिल्याच पानावर त्रेबियसची गोष्ट घेऊन. ज्याच्यावर आपण हसलो ते मी तुझ्यावर आणून ठेवलं. तू म्हणतोस कुठेच आत आल्यासारखं वाटत नाही. वाटेल कसं? तुला बाहेर मीच काढलं, माझ्या तोंडाने, तीन हाका मारून. आणि तू लिहितोस उजवं पाऊल आधी टाकून येतो. तुला मला उंबऱ्यावर अडवावं लागलं असतं, तेही परक्याच्या उंबऱ्यावर. ते माझ्याच्याने झालं नसतं, म्हणून येऊ नको लिहिलं. लपवून ठेवलं हे चुकलं. पण पहिल्या दिवशी बोलले नाही, मग रोज जड होत गेलं. हे तुला मी समजावून सांगायला नको.

मापं खोटी नाहीत. फिलेरोस परटाने काठी धरली, मी घोट्यापर्यंत त्या घाणीत उभी राहिले आणि बोट न् बोट मोजलं. माणूस भला आहे. त्याला काल सगळं सांगितलं तर म्हणाला, "त्यांना येऊ द्या बाई. मी टाकं रिकामं करतो, घासून घेतो, शिडी लावतो. एक दिवस माझी गिऱ्हाइकं मळकी फिरली तर आभाळ कोसळत नाही."

तू म्हणशील तसं. रागावलास तर तो तुझा हक्कच आहे.

तुझी ताई

*

लिंदुम
सप्टेंबर, इदसच्या दिवशी

ताई,

राग आला. घर विकल्याचा आला, दोन दिवस पुरला. तिसऱ्या दिवशी मी हिशेब मांडला. मी नऊ वर्षं गप्प बसलो, तू एक वर्ष. आपण दोघं एकाच आईची. तेव्हा यापुढे तो विषय बंद.

पण एक झालं. तुझं पत्र मी अंगणात उभा राहून वाचलं, आणि त्या क्षणापासून मी घराचा उंबरा ओलांडलेला नाही. गोठ्यात झोपतो. एक गाय आणि मी. एनिका दोन वेळा जेवण आणून देते आणि दोन्ही वेळा बोलून जाते. "सगळं गाव दारातून आत जातं, हा एकटा शहाणा. बदकं घरात आणि घरधनी गोठ्यात." धाकटीला वाटतं हा खेळ आहे, तीही अधूनमधून येऊन झोपते.

कापुआला येऊन फिलेरोसच्या टाक्यात उतर म्हणतेस, आणि उतरून करू काय, कपडे तुडवू? त्याला माझा नमस्कार सांग, माणूस खरंच भला दिसतो. पण ते आता त्याचं घर आहे. माझे देव, माझी चूल, बायको, पोरगी, सगळं इथे आहे. आणि ताई, भोकही इथे आहे. दीड वर्ष सगळ्या ब्रिटानियाने मला विचारलं, हे कशाला पाडलंस, आणि मला सांगता येत नव्हतं. आता येतं.

पाकियस म्हणाला, चल, आम्ही दोरी धरतो, आज उतर. मी नाही म्हटलं. खाली उभं राहून आत घेणारं माणूस लागतं. त्रेबियसच्या खाली त्याची बायको उभी होती. ज्याने गेला म्हणून हाक मारली त्यानेच ये म्हणून मारायला हवी. दुसऱ्या कोणाच्या हाकेचा उपयोग नाही.

तुझ्या खालच्या तांबटांची भांडी दरसाल या बेटावर येतात, लिंदुमच्या बाजारात मी स्वतः पाहिली आहेत. त्यांच्या गाड्यांबरोबर ये. गुडघे कुरकुरतात हे मला ठाऊक आहे. हिवाळा संपल्यावर निघ.

तू येईपर्यंत मी गोठ्यात आहे.

विबियस

*

लिंदुम
जूनचे शेवटचे दिवस

फिलेरोस यांस,

स्तेनियाचा नमस्कार. मी पोचले. अंगातला एकही सांधा दुखायचा राहिला नाही, पण पोचले.

आधी काम सांगते, नाहीतर राहून जाईल. दगड घडवणाऱ्याकडे जा आणि विबियसच्या नावापुढे "जिवंत" या अर्थाचं अक्षर कोरून घ्या. त्याच्याखाली माझं नाव, त्यापुढेही तेच अक्षर. माझ्या खोलीची किल्ली तांबटाला द्या, दुसरा भाडेकरू बघ म्हणावं. माझी चादर आणि पाण्याची घागर तुमच्या बायकोला. आणि चौकातल्या त्या लाव्याला कोणी हौसेने डोळा काढायला निघालं तर काढू देऊ नका.

आता इकडचं. गाडी थांबली तेव्हा कुंपणाशी एक पांढऱ्या केसांचा, पोट सुटलेला माणूस उभा होता. अंगाला गोठ्याचा वास. मी ओळखलं नाही. मग त्याने तोंड वाकडं केलं, लहानपणी रडू दाबायला करायचा तसं, आणि मी ओळखलं. आम्ही तिथेच चिखलात उभे राहिलो. तो नुसता म्हणत होता, "किती म्हातारी झालीस गं," आणि मी म्हणत होते, "आणि तू?"

घरात मी एकटी गेले, तो बाहेरच थांबला. फिलेरोस, माझे पाय न सांगता डावीकडे वळले. अकरा पावलांवर कोनाडा. फुटका कोपरा, डाळिंब, आंधळा लावा. वास तेवढा वेगळा, ओल्या गवताचा आणि बदकांचा. मी चौकात बसले आणि पोटभर रडून घेतलं. एनिका शेजारी बसली. तिला माझी भाषा अर्धीच येते, मला तिची मुळीच नाही. तिने वर बोट दाखवलं, मग कपाळाला हात लावला. मीही लावला. आमचं जमलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळी वसाहत जमा झाली. बारीक पाऊस होता, तो इथे असतोच. पाकियस आणि आणखी तिघं दोरी घेऊन कौलांवर. मी वहाणा काढल्या, बदकांना बाजूला सारलं आणि टाक्यात उभी राहिले. पाणी घोट्यापर्यंत, तुमच्याकडे होतं तेवढंच, नुसतं स्वच्छ.

पहिली हाक मारली, ती माझी मलाच ऐकू आली नाही. दुसरी मारली आणि मला तो आप्पियन रस्ता दिसायला लागला, ती खेचरं, तो गाडीवान, ती सुतळी गुंडाळलेली तलवार. वरून नुसता पाऊस पडत होता. मला वाटलं, तिसरीलाही काही येणार नाही, मागच्यासारखंच होणार. मी डोळे मिटले आणि होता नव्हता तेवढा जीव लावून ओरडले.

"आलो गं," वरून आवाज आला. "जरा दम धर. पोट अडकलंय."

डोळे उघडले तर भोकातून दोन पाय लोंबत होते, कौलांवर चौघं एकमेकांवर ओरडत होते, आणि एनिका तिच्या भाषेत काय बोलत होती ते देव जाणे. मला हसू फुटलं ते थांबेना, आणि हसता हसता असा ठसका लागला की श्वास मिळेना. विबियस तसाच अर्ध्यात लटकलेला, तोंड लाल, वरून ओरडतोय, "तिला बघा, आधी तिला बघा, पाठीत घाला कोणीतरी."

धाकटी स्तेनिया धावत टाक्यात शिरली आणि दोन्ही मुठींनी माझ्या पाठीत बुक्के घालायला लागली.

तो उतरला, बरं का. घरातच आहे.

स्तेनिया